बर्लिनचा तपकिरी द्राव

१८९० च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये हॉटेलांत खोली मिळेनाशी झाली. युरोपभरातून क्षयाचे रोगी मिळेल त्या गाडीने शहरात उतरत होते. कुणी खोकत, कुणी नातेवाइकांच्या खांद्यावर मान टाकून. त्यांच्या मागोमाग डॉक्टरही येत होते, कारण १३ नोव्हेंबरला एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकाने खास अंक काढून रॉबर्ट कॉखचा लेख छापला होता. क्षयावर उपाय सापडला आहे, आणि रोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर तो खात्रीने बरा होतो, असे त्यात म्हटले होते. उपाय म्हणजे एक पारदर्शक, तपकिरी द्राव. तो कातडीखाली टोचायचा. तो कशापासून केला आहे, हे मात्र लेखात कुठेही नव्हते.

आज हे वाचताना आपण सावध होतो. त्या वेळच्या माणसांकडे सावध राहण्याइतकी उसंत नव्हती. क्षय म्हणजे तेव्हा मरणाची चिठ्ठी. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात एकविसाव्या वर्षी याच रोगाने गेल्या, त्याला जेमतेम पावणेचार वर्षे झाली होती. बर्लिन असो, पुणे असो की फिलाडेल्फिया, डॉक्टरांच्या हाती चांगली हवा, दूध, विश्रांती आणि धीर याहून फार काही नव्हते.

शिवाय सांगणारा कॉख होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरशास्त्र सभेपुढे त्याने क्षयाचा जंतू दाखवला आणि पिढ्यान्पिढ्या ‘घराण्यातच आहे’ म्हणून ज्या रोगापुढे लोक मान तुकवत होते, त्याला एक दिसणारे कारण दिले. पुढे दोन वर्षांच्या आत कलकत्त्यात येऊन त्याने पटकीच्या जंतूचाही छडा लावला. अशा माणसाचा शब्द कोण मोडणार? ऑगस्ट १८९० मध्ये दहावी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद बर्लिनमध्येच भरली. जंतूंची वाढ थोपवणारा आणि गिनीपिगमधला क्षय रोखणारा पदार्थ सापडल्याचे कॉखने तिथे पहिल्यांदा सूचित केले. पॅरिसमध्ये दोन वर्षांपूर्वी पाश्चर इन्स्टिट्यूट दिमाखात उघडली होती, तिच्या तोडीचे काहीतरी जर्मनीला हवे होते. राष्ट्राचा मान, संशोधकाची घाई आणि रोग्यांची तगमग या तिन्ही गोष्टी एका द्रावात मिसळल्या गेल्या.

कॉखने काय पाहिले होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सव्वाशे वर्षे त्याच निरीक्षणाभोवती फिरतात. निरोगी गिनीपिगला क्षयाचे जंतू टोचले की टोचलेली जागा आधी मिटल्यासारखी दिसते. दहा ते चौदा दिवसांनी तिथे टणक गाठ येते, ती फुटते आणि जनावर मरेपर्यंत तो व्रण भरत नाही. पण ज्याला चार-सहा आठवड्यांपूर्वीच क्षय जडला आहे, अशा गिनीपिगला पुन्हा जंतू टोचले तर वेगळेच घडते. एक-दोन दिवसांतच ती जागा कडक आणि काळसर होते, तिथली कातडी मरून खपलीसारखी गळून पडते आणि जखम लवकर भरून येते. जंतू जिवंत असोत वा मेलेले, शरीर दुसऱ्या भेटीला पहिल्यासारखे वागत नाही. कॉखला यात उपचाराची वाट दिसली. जंतूंच्या वाढीतून काढलेला अर्क रोग्याला दिला, तर रोगट भाग असाच मरून गळून पडेल आणि रोगी बरा होईल, असा त्याचा तर्क होता.

त्याने तो अर्क आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतला, पाव घनसेंटिमीटर. तीन-चार तासांनी हातपाय ओढल्यासारखे दुखू लागले, गळून गेल्यासारखे वाटले, खोकला येऊ लागला, श्वास जड झाला. पाचव्या तासाला सणसणीत हुडहुडी भरली, ती जवळजवळ तासभर टिकली. मळमळ, उलटी, ३९.६ अंश ताप. बारा तासांनी हे सगळे ओसरले. टोचलेली जागा मात्र काही दिवस दुखरी आणि लाल राहिली. हे वर्णन त्याने स्वतःच छापले आहे. त्याची तरुण मैत्रीण हेडविग फ्रायबर्ग, जी पुढे त्याची पत्नी झाली, तिनेही हा अर्क टोचून घेतला होता. इतक्या मोठ्या मात्रेला निरोगी माणूसही असा हादरतो. पण मात्रा पंचवीस पटींनी कमी केली की निरोगी माणसाला जेमतेम कणकण येई, आणि क्षयाच्या रोग्याला तेवढ्याच थेंबाने थरथरून ताप भरे. चेहऱ्यावर कातडीचा क्षय असलेल्यांत तर डोळ्यांदेखत फरक दिसे. तेवढाच भाग लालबुंद होऊन सुजायचा, त्यावर खपली धरायची, आजूबाजूची चांगली कातडी जशीच्या तशी राहायची. ते पाहणाऱ्या डॉक्टरांना हा चमत्कार वाटला तर त्यात नवल नाही.

बर्लिनने कॉखला मानद नागरिकत्व दिले, सम्राटाने मोठे पदक दिले. द्राव छोट्या बाटल्यांतून विकला जाऊ लागला. त्यातून किती नफा होईल याचा हिशेबही कॉखने सरकारपुढे मांडला होता, हे पुढे इतिहासकारांनी सरकारी कागदांतून उजेडात आणले.

या गर्दीत पोर्ट्समथच्या साउथसी भागातला एकतीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर आला होता, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सच्या दोन कादंबऱ्या तोपर्यंत छापून झाल्या होत्या. फोन बेर्गमान या सर्जनने रोगी दाखवून व्याख्यान दिले, त्याचे तिकीट डॉयलला मिळाले नाही. एका अमेरिकन डॉक्टरने आपली टिपणे त्याला वाचायला दिली आणि दुसऱ्या दिवशी तो रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन स्वतः पाहून आला. कॉखच्या घरी तो गेला तेव्हा भेट झालीच नाही. दिवाणखान्यात उभा असताना टपालवाला आला आणि त्याने पत्रांनी गच्च भरलेली गोणी जमिनीवर पालथी केली. त्या ढिगातले प्रत्येक पत्र कुणाच्या तरी घरातल्या खोकल्याची हकीकत सांगत होते.

डॉयलने लगेच लंडनच्या नियतकालिकात लिहिले ते थक्क करणारे आहे. हा द्राव जंतूंना मारत नाही, जंतू पोसणाऱ्या रोगट पेशीजालाला मारतो. जंतू आतच राहतात. म्हणून उपचार म्हणून त्याची फार आशा धरू नये. पण क्षय आहे की नाही असा संशय असेल, तर निदानासाठी मात्र हा द्राव उत्तम ठरेल. मोठमोठे प्राध्यापक उपचाराचे गोडवे गात असताना बाहेरगावच्या एका साध्या डॉक्टरने दोन दिवसांत हे ओळखले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शहाणे वाचन त्याचेच.

बाकीच्यांना ते कळायला शवविच्छेदनाचे टेबल लागले. ७ जानेवारी १८९१ रोजी विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखॉव बर्लिन वैद्यक सभेपुढे उभा राहिला. द्राव टोचून घेऊन मेलेल्या रोग्यांची प्रेते त्याने तपासली होती. फुफ्फुसातल्या जुन्या गाठींभोवती नुकतीच सूज आली होती आणि दूरच्या अवयवांत बाजरीच्या दाण्यांएवढ्या नव्या गाठी उगवल्या होत्या. रोगट भाग गळून पडत होता खरा, पण कातडीवरचा गळतो तो बाहेर पडतो. फुफ्फुसातला गळेल तो कुठे जाणार? त्यातले जिवंत जंतू श्वासनलिकांतून आणि रक्तातून पसरत होते. आठवडाभरात, १५ जानेवारीला, कॉखला गुपित सांगावे लागले. तो क्षयजंतूंच्या शुद्ध वाढीचा ग्लिसरीनमधला अर्क होता. उपचाराने पूर्ण बरे झालेले रोगी सरकारी अहवालांत शोधून काढावे लागत होते. कॉख काही काळासाठी इजिप्तला निघून गेला. पत्रांची गोणी पाठवणाऱ्या रोग्यांना असे कुठे जाता येणार होते?

इथे कॉखला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. गुपित राखणे, घाईने जाहीर करणे हा त्याचा दोष आहेच, आणि तो लहान नाही. पण त्याने पाहिलेली गोष्ट खरी होती. शरीरातल्या क्षयाच्या आठवणीला त्याने सुईच्या टोकाने हात लावला होता. त्या आठवणीचा अर्थ लावण्यात तो चुकला.

ट्यूबरक्युलिन, हे त्या द्रावाचे नाव, जगले ते गोठ्यात. १८९१ सालीच गाईंना ते टोचून पाहण्यात आले. क्षय असलेल्या गाईला ताप येई, नसलेली गाय निवांत रवंथ करत राही. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांगने याच कसोटीवर कळप वेगळे करायला सुरुवात केली. दुधातून लहान मुलांना होणाऱ्या क्षयावर पुढे जो आळा बसला, त्यात दूध उकळण्याइतकाच या टोचणीचाही वाटा आहे.

माणसाकडे ही कसोटी परत आली ती व्हिएन्नात. बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के याने १९०७ मध्ये मुलांच्या हातावर बारीक ओरखडा काढून त्यात ट्यूबरक्युलिन घातले. ताप नाही, हुडहुडी नाही, फक्त त्या जागी लालसर गाठ. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल मांतूने द्राव नेमका कातडीच्या थरात सोडायची पद्धत आणली. आपल्याकडे ज्याला सगळे ‘मॉन्टू टेस्ट’ म्हणतात, ती हीच. पिर्केने जे पाहिले त्याने मात्र डॉक्टर गोंधळले. वय वाढेल तशी गाठ येणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती. शाळकरी वय संपेपर्यंत गरीब वस्त्यांतल्या बहुतेक मुलांच्या हातावर ती येई. ही सगळी मुले काही आजारी नव्हती. खेळत होती, हुंदडत होती. म्हणजे जंतू शरीरात शिरणे वेगळे आणि रोग होणे वेगळे. पिर्केने १९०९ मध्ये या दबून बसलेल्या अवस्थेला सुप्त क्षय म्हटले. आजचा हिशेब असा की जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो.

कॉखचा अर्क हा अनेक प्रथिनांचा गढूळ काढा होता. प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी. तो गाळून प्रमाणित करण्याचे काम फिलाडेल्फियात फ्लॉरेन्स सायबर्ट या बाईंनी केले. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेल्या या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी प्रथिने शुद्ध करण्यात कित्येक वर्षे घालवली. त्यांच्या या शुद्ध केलेल्या अर्काचा, म्हणजे पीपीडीचा, साठा १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाचे माप म्हणून स्वीकारला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पीपीडी’ ही तीन अक्षरे दिसतात ती त्यांच्यामुळे. आणि ती गाठ येते कशाने, याचे उत्तर १९४५ मध्ये न्यू यॉर्कच्या मेरिल चेसने दिले. ट्यूबरक्युलिनला प्रतिसाद देणाऱ्या गिनीपिगच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या गिनीपिगला दिला तर काहीच होत नाही. पांढऱ्या पेशी दिल्या तर मात्र ट्यूबरक्युलिनला प्रतिसाद देण्याचा गुण त्याच्यात उतरतो. क्षयाची आठवण सीरममधल्या प्रतिद्रव्यांत नसून पेशींत असते, हा त्याचा अर्थ. ही गोष्ट इथे मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण आपल्या देशात ती पुढे फार महागात विसरली गेली.

भारतात ट्यूबरक्युलिन गावोगाव पोहोचले ते बीसीजी या क्षयावरच्या लसीच्या मोहिमेबरोबर. १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला बीसीजी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि पन्नाशीच्या दशकात पथके गावोगाव फिरू लागली. शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या मुलांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुईने थेंब सोडायचा. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखा फोड उठला की सुई बरोबर गेली. तीन दिवसांनी पुन्हा यायचे, लालीकडे दुर्लक्ष करून बोटाने नुसता कडकपणा चाचपायचा, त्याच्या दोन कडांवर खुणा करून अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचे. दक्षिण भारतात या पथकांना एक अडचण भेटली. माती-पाण्यात राहणारे, क्षय न करणारे चुलत जंतूही हातावर छोट्या गाठी उठवत होते. ज्याला बीसीजी दिली आहे त्याच्याही हातावर गाठ येई. १९६८ मध्ये सुरू झालेल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून बीसीजी संरक्षण देत नाही, असे निष्पन्न झाले. त्या निराशेची कारणे शोधताना या चुलत जंतूंकडेही बोट दाखवले गेले. मॉन्टूची गाठ काहीतरी सांगत होती, पण नेमके कोणाबद्दल, हे तिला सांगता येत नव्हते.

आणि मग बाजार आला. नव्वदीनंतर गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये ‘टीबी आयजीजी-आयजीएम’ नावाची रक्ततपासणी मिळू लागली. थुंकीचा नमुना गोळा करायची कटकट नाही, संध्याकाळी रिपोर्ट, डॉक्टरलाही सोयीचे. ती सीरममधली प्रतिद्रव्ये मोजत होती, म्हणजे चेसने १९४५ मध्ये जिथे काही नाही असे दाखवले, नेमके तिथेच शोध चालू होता. देशात वर्षाला सुमारे १५ लाख अशा तपासण्या होत असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज होता. ज्यांना क्षय नाही ते सहा महिने गोळ्या खात होते आणि ज्यांना आहे ते ‘निगेटिव्ह’ कागद घेऊन घरात खोकत होते. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तपासण्या वापरूच नका, असे स्पष्ट बजावले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली. निदानाच्या चाचणीवर सरकारने इतक्या थेट शब्दांत बंदी घालावी, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. लोकांच्या बाजूने घेतलेला तो एक चांगला निर्णय होता.

पेशींची साक्ष काढण्याची नवी तऱ्हा तोवर पुन्हा गोठ्यातूनच निघाली होती. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गाईचे रक्त ट्यूबरक्युलिनबरोबर रात्रभर उबवले आणि त्यातल्या पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन किती सोडले ते मोजले. जनावर पुन्हा धरून आणायला नको. हीच कल्पना माणसाच्या रक्तावर आली. दरम्यान, काल्मेत आणि गेरॅन यांनी १३ वर्षे, २३० वेळा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी बनवली तेव्हा तिच्यातून जनुकांचा एक तुकडा गळून गेला होता, हे १९९६ मध्ये कळले. त्या तुकड्यातली ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने क्षयाच्या जंतूत आहेत, बीसीजीत नाहीत. ती वापरली तर लसीमुळे होणारी दिशाभूल टळते. ऑक्सफर्डमध्ये अजित लालवाणी यांनी याच प्रथिनांवर रक्तपेशी मोजण्याची पद्धत बसवली, आणि ऑस्ट्रेलियाची चाचणी जगभर ‘टीबी गोल्ड’ म्हणून गेली.

आज आपल्या शहरांत खोकला, ताप, वजन कमी होणे अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला सर्रास ‘टीबी गोल्ड’ लिहून दिली जाते. हे मला बर्लिनइतकेच अस्वस्थ करते. या चाचणीत काही खोट नाही. जंतूशी गाठ पडली आहे का, हे ती चांगले सांगते. रोग आहे का, हे तिला माहीतच नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी साधारण ३१ टक्के लोकांत जंतूचा शिरकाव झालेला आढळला. म्हणजे रस्त्यात कुणालाही थांबवून ही तपासणी केली तरी दर तीन-चार माणसांत एक ‘पॉझिटिव्ह’ निघेल.

प्रतिसाद मोजण्यापुरताच हा प्रश्न नाही. तो प्रतिसादच कधी वाचवतो, कधी मारतो, हे विरखॉवने टेबलावर पाहिले होते, आणि उपचाराच्या अंगाने ते पुन्हा दोनदा सिद्ध झाले. सांधेदुखीवर टीएनएफ हा दाहकारक संदेश अडवणारे औषध आले आणि २००१ मध्ये ते घेतलेल्या ७० जणांना क्षय उसळल्याची नोंद झाली. संदेश दाबला की दबलेला जंतू उठतो. उलट मेंदूच्या आवरणाच्या क्षयात सूजच जीव घेते. तिथे २००४ मध्ये व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे सूज शमवणारे औषध दिल्याने मृत्यूचे प्रमाण ४१ वरून ३२ टक्क्यांवर आले. कॉखने सूज चेतवून बरे करायचे ठरवले होते. योग्य जागी ती शमवल्याने माणसे जगली. रक्तातल्या जनुकांच्या खुणांवरून उद्या कोण आजारी पडेल ते ओळखायचे प्रयत्नही झाले. २०२१ मध्ये छापून आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या चाचणीत मात्र, खूण सापडलेल्यांना प्रतिबंधक औषध देऊनही त्यांच्यातला क्षय कमी झाला नाही.

या कथेचा ताजा टप्पा आपल्या दाराशी आहे. डेन्मार्कच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटने ईसॅट-६ आणि सीएफपी-१० वापरून कातडीत टोचायची नवी चाचणी तयार केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती ‘सायटीबी’ या नावाने आणली. २०२२ मध्ये तिला आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या चाचण्या मान्य केल्या. सुई तीच, हाताची जागा तीच, दोन-तीन दिवसांनी पट्टी लावून मोजणेही तेच. पाच मिलिमीटर वा त्याहून जास्त कडकपणा असेल तर जंतू शिरला आहे, मग त्या माणसाला बीसीजी दिलेली असो वा नसो. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना अशी चाचणी करून, रोग नाही याची खात्री पटवून, तीन महिने आठवड्यातून एकदा गोळ्या दिल्या तर रोग होण्याआधीच थांबवता येतो.

तेव्हा घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल आणि हातात नुसता ‘टीबी गोल्ड पॉझिटिव्ह’ किंवा मॉन्टूचा आकडा असेल, तर तेवढ्यावर क्षयाची औषधे सुरू करू नका आणि तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना विचारा: थुंकीची जनुकीय तपासणी केली का? छातीचा एक्स-रे काढला का? सरकारी दवाखान्यात या दोन्ही तपासण्या फुकट होतात.